डाव्या कुशीवर

ये गो नमू, अशी जवळ बस. तो फोन उलटा ठेव जरा. मी कागदावर लिहिते आहे हे खरं, पण वाचताना तू माझ्या समोर बसली आहेस असंच मी धरणार आहे, आणि समोर बसलेल्या माणसाला चार शब्द ऐकवायचा मला हक्क आहे.

गेल्या रविवारी फोनवर तू जे बोललीस ते मला आवडलं नाही. प्रॅक्टिकल महिन्यावर आली, ते ठीक. झोप होत नाही, तेही कळतं. पण पुढे म्हणालीस, "आजी, पेशंट इतके छळतात ना, धड काही सांगत नाहीत. परवा एक बाई तर मुद्दाम खोटं बोलली." तेव्हा मी गप्प बसले, कारण गॅसवर दूध होतं. आता विचारते. तिचं नाव काय होतं? बेड नंबर नको सांगूस, नाव सांग.

बघ, नाही आठवत.

हा प्रश्न माझा नाही. मी चौथी शिकलेली बाई, खानावळीच्या डब्यांच्या याद्या करता करता आणि मुलांनी टाकून दिलेली पुस्तकं चाळता चाळता लिहायला लागले. हा प्रश्न द्रौपदीचा. तू क्लासांमध्ये अडकली होतीस त्या वर्षांत ती माझ्याकडे येऊन राहायची, म्हणून तुमची गाठ पडली नाही. तिच्याबद्दल आज लिहिते, कारण तुझ्या परीक्षेआधी तिची तुझी ओळख व्हायला हवी.

आमच्या दारासमोर कॉलेजचं हॉस्पिटल. डब्याला येणारी मुलं डॉक्टरकीचीच. परीक्षा जवळ आली की जुने पेशंट बोलावून घेतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ज्याचा आजार हाताला, कानाला नीट सापडतो असा माणूस त्यांना लागतो. कुणाची पोटातली पानथरी वाढलेली, कुणाच्या छातीत आवाज. त्यांना 'केस' म्हणतात. मुलाला एक केस मिळते, पाऊण तास. त्यात विचारायचं, तपासायचं, मग परीक्षक येतात आणि सोलून काढतात. हे केस होणारे लोक रत्नागिरीला लांबून यायचे, आदल्या दिवशी वॉर्डात जागा नसायची. तेव्हा एका सिस्टरने द्रौपदीला माझ्याकडे पाठवलंन. "आजी, दोन दिवस ठेवून घ्या. हर्णैची आहे. छातीत फार छान आवाज आहे तिच्या."

छान आवाज म्हणे. मी म्हटलं, गाते की काय ही.

दारात उभी राहिली ती धापा टाकत. उंच, काटकुळी, गालांवर लाली. ती लाली तब्येतीची नव्हे, आजाराची, हे मला पुढे कळलं. हातात पिशवी, पिशवीत सोडे आणि सुके बांगडे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो ना, तिथून मासळी उचलून ती सुकवायची आणि दापोलीच्या बाजारात बसायची. माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलंन आणि पहिलं वाक्य बोललीन, "तुज्या भिंतीक ओल हाय गो बाय. मीठ ठेवू नको हितं."

पाहुणी म्हणून आलेली बाई मला माझं घर शिकवते आहे हे काही मला रुचलं नाही. पण मीठ हलवलं मी.

संध्याकाळी डबे न्यायला मुलं आली, तशी ही पडवीतल्या खाटेवर मांडी घालून बसली. एका मुलाने विचारलं, "मावशी, तुम्ही उद्याची केस ना? काय आहे तुम्हाला, सांगा ना जरा." सगळी मुलं असंच करतात, उत्तर आधी काढून घ्यायला बघतात. द्रौपदी म्हणाली, "सांगते की. आधी हात गरम कर."

"काय?"

"हात. तुज्या हातात आता पाण्याची बाटली व्हती. तोच हात माज्या छातीवर ठेवणार काय तू? चोळ. मगे माझा नाव विचार. मगे तुझा नाव सांग. मगे विचार, बघू काय तुमाला. मी व्हय म्हटला तरच पदर."

मुलं हसली. ती हसली नाही. पाच वर्षं ती वर्षातून दोनदा येत राहिली आणि दर वेळी माझ्या पडवीत तिची शाळा भरली. बाजारात मासळी लावावी तशी ती आपला आजार मांडून बसायची. दम कधी लागतो, किती पायऱ्या चढल्यावर, किती उशा लागतात, लहानपणी सांधे सुजले होते का. शेवटचा प्रश्न विसरला की पुन्हा पहिल्यापासून. मग मागच्या दाराच्या सात पायऱ्या भराभर चढायची, उतरायची, धापा टाकत खाटेवर पडायची आणि म्हणायची, "हां. आता डाव्या कुशीवर वळव. कानातल्या नळीची बारकी बाजू ठेव, दाबू नको. श्वास सोडल्यावर ऐक. आता येल." आणि मुलांच्या तोंडावर उजेड पडायचा. आवाज सापडला की तसंच होतं म्हणे. उताणं झोपवून ऐकलं तर तो आवाज निसटून जायचा. डाव्या कुशीवर वळवावंच लागायचं.

फी घ्यायची ती. पैसे नव्हेत. शिकवून झालं की सगळ्यांनी गप बसून तिची एक गोष्ट ऐकायची. चहा नाही, फोन नाही, मध्ये उठायचं नाही.

ती गोष्ट तिच्या लेकीची. सुमन. सात महिने भरलेली, पहिलटकरीण. जिना चढताना नव्हे, बसल्या जागी दम लागायला लागला, तेव्हा द्रौपदी तिला घेऊन एका मोठ्या डॉक्टरकडे गेली. त्याचं नाव आणि गाव मी लिहीत नाही. ती मात्र नाव सांगायची, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि मुलांकडून ते एकदा म्हणून घ्यायची.

"त्यो फोनवर बोलत व्हता," ती सांगायची. "फोन हिकडं, नळी तिकडं. पदरावरनं ठेवलीन. हितं एकदा, हितं एकदा. फोनवर हसत व्हता कशाला तरी. मी म्हटला, साहेब, बसून झोपते हो पोर. तर म्हणाला, पहिल्या वेळेला नाटकं असतात, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या. नाव पण नाय विचारलान. चिठ्ठीवर वय लिवलान नुसता."

नवव्या दिवशी सुमन जीपमध्ये गेली, दापोलीच्या अलीकडे, बसल्या बसल्या. पोटातलं पण गेलं.

दोन वर्षांनी द्रौपदीला स्वतःला दम लागायला लागला. इथल्या वॉर्डात एका तरुण डॉक्टरणीने तिला डाव्या कुशीवर वळवलंन, कान देऊन ऐकलंन आणि विचारलंन, लहानपणी सांधे सुजले होते का. द्रौपदी म्हणाली, माजे सुजले व्हते, माज्या सुमनचे पण. डॉक्टरणीने सांगितलंन, त्या सुजेच्या तापानेच पुढे हृदयाची झडप आखडते आणि छातीत हा आवाज येतो. तेवढ्यात द्रौपदीला सगळं कळलं. सुमनच्या छातीतही तो आवाज होता. एक कूस वळवली असती तर ऐकू आला असता.

इथून पुढे ती बाई बदलली असं मला वाटतं. मी तिला त्याआधी पाहिलेलं नाही, पण माणूस जन्मतः इतकं चिवट नसतं.

तू म्हणशील, आजी, किती चांगलं काम करत होती, मुलांना शिकवत होती. थांब. ती चांगली होती असं मी कुठे म्हटलं? एका वर्षी चकचकीत बुटांचा एक मुलगा परीक्षेला तिच्या वाट्याला आला. आला तो, "बाई, झोपा," म्हणाला आणि पदराला हात घातलान. झालं. त्याने विचारलं, दम लागतो? ही म्हणाली, व्हय. खोकला? व्हय. पोटात दुखतं? व्हय. संडास काळी होते? व्हय. डोळ्यांना दोन दोन दिसतं? व्हय. त्याने चार पानं भरली. परीक्षक आले तेव्हा त्याला सुरुवात कुठून करावी तेच कळेना. नापास.

मला फार राग आला. म्हटलं, "अगो, त्याचं वर्ष गेलं. त्याचे आईबाप नाहीत का?"

सोडे निवडत होती. मान वर केली नाहीन. "हायत ना. त्याचे हायत, त्यो पण हाय. वर्षच गेला नुसता."

मग म्हणाली, "खोटा कुठं बोलले? मला सगळाच होता कधी ना कधी."

सहा महिन्यांनी तोच मुलगा पडवीत आला आणि दारातच हात चोळत उभा राहिला. "नमस्कार मावशी, माझं नाव अमुक, तुमचं नाव काय?" हिने त्याला तीन दिवस पिळून काढलंन, पास होईपर्यंत. पण माफ केलंन असं काही समजू नकोस. गोष्ट त्याला दोनदा ऐकावी लागली.

आता खरी गोष्ट. तिचा आजार बरा होण्यासारखा होता.

हे मला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या वर्षी ती तरुण डॉक्टरीण माझ्या दारात आली, रागाने लाल. म्हणाली, "आजी, तुमचं तरी ऐकते का बघा. मुंबईला जायचं, मांडीतून बारीक तार घालून हृदयात एक फुगा फुगवतात, आखडलेली झडप उघडते. सरकारी योजनेत बसतं. मी तीनदा चिठ्ठी दिली. ही जात नाही. झडप दिवसेंदिवस कडक होते आहे, मग फुगा पण चालणार नाही."

मला वाटलं, घाबरली असेल. मासळी कापणारी असली तरी आपल्या अंगाला सुई म्हटलं की माणूस बिचकतं. मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर, चल. द्रौपदी म्हणाली, "फुगा घातला की आवाज जातो ना?"

"जाणारच. त्याच्यासाठीच तर घालायचा."

"मगे मला केस म्हणून कोण बोलवील?"

आणि तेव्हा तिने सांगितलंन. एका मुलाच्या बोलण्यात आलं होतं की तो मोठा डॉक्टर आता लांबच्या एका कॉलेजात प्रोफेसर झाला आहे. परीक्षक म्हणून बाहेरच्या कॉलेजांतले प्रोफेसर येतात, आज हा तर उद्या तो. हिने विचारलं, म्हणजे कदी तरी हितं येल? मुलगा म्हणाला, येऊ शकतात, मावशी.

तेवढ्यावर ती बसून राहिली होती. आवाज जपत. कोयता धार लावून कोनाड्यात ठेवतात तसा.

मी भांडले तिच्याशी. दोन दिवस अबोला धरला, म्हणजे माझ्यापेक्षा तिनेच धरलान. मी म्हटलं, "सुमनला हे आवडलं असतं का?" तर माझ्याकडे असं बघितलंन की पुन्हा तो प्रश्न मी कधी काढला नाही. म्हणाली, "सुमनला काय आवडायचा ता मी सांगू? सुरमईचा डोका आवडायचा. बाकी तिला विचारायला ती हाय कुठं?"

पुढची दोन वर्षं ती खंगत गेली. सात पायऱ्यांच्या चार झाल्या, चाराच्या दोन. पिशवी उचलवेना म्हणून बांगडे कमी झाले. दर परीक्षेला येताच पहिला प्रश्न, "कोण येतो हाय?" नाव ऐकून पिशवी खाली टाकायची, "ह्यो नाय तो." आणि शाळा सुरू.

पाचव्या वर्षी पावसाळा संपता संपता ती आली तेव्हा मीच दारात उभी होते. परीक्षकांची जेवणं माझ्याकडे सांगितली होती, त्या कागदावर नावं होती. मी तिला नाव वाचून दाखवलं. पिशवी तिच्या हातातच राहिली. मग म्हणाली, "पाणी दे गो."

त्या वेळी शिवकन्या नावाची मुलगी होती, लातूरकडची. हुशार, पण परीक्षक समोर आला की हिचा आवाज खाली जायचा. एकदा नापास झालेली. घरून निरोप होता, ह्या वेळी झालं नाही तर लग्न. आणि द्रौपदी नेमकी तिच्याच वाट्याला आली.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलंय, पण जुळतं.

शिवकन्येने सगळं रीतीने केलं. नाव, हात, परवानगी, उशा, सांधे, डावी कूस. आवाज सापडला. मग परीक्षक आले, आमच्या कॉलेजचे सर आणि तो. शिवकन्येने झडप आखडली आहे असं सांगितलं. त्याने स्वतःची नळी काढली, द्रौपदीला उताणंच ठेवून पदराच्या कडेवरून दोन ठिकाणी टेकवली आणि म्हणाला, "मला तर काही ऐकू येत नाही. मागच्या वर्षीचं पाठ करून आलीस काय?"

शिवकन्येचे डोळे भरले. म्हणाली, "सर, आवाज हाय सर." तिची बोली बाहेर आली की समजायचं घाबरली.

"कुठे आहे? मला ऐकव. नसेल तर बस घरी."

तेव्हा द्रौपदी उठून बसली. वॉर्डात दहा मुलं, सिस्टर, दोन सर. केस झालेलं माणूस मधे तोंड घालत नाही तिथे. ती म्हणाली, "साहेब, माझा नाव द्रौपदी. तुमी इचारला नाय म्हणून सांगते. तिने मला डाव्या कुशीवर वळवला व्हता. तुमी नाय वळवला."

"आजी, तुम्ही झोपा."

"झोपते की." आणि स्वतःच डाव्या कुशीवर वळलीन, पदर बाजूला केलान आणि म्हणाली, "आता ठेवा. बारकी बाजू. दाबू नका. मी श्वास सोडते, मगे ऐका."

इतक्या लोकांसमोर त्याला ऐकावंच लागलं. शिवकन्या सांगते, तो बराच वेळ वाकून होता. उठला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "आहे," म्हणाला.

"माज्या सुमनला पण व्हता," द्रौपदी म्हणाली.

"कोण सुमन?"

तिने सांगितलंन. गाव, महिना, पदर, फोन, हसू, गोळ्या. आवाज चढवला नाहीन, दम नव्हताच तेवढा. मध्ये मध्ये थांबून श्वास घ्यायची आणि ती थांबली की सगळा वॉर्ड थांबायचा. दहातल्या आठ मुलांना ती गोष्ट पाठ होती. ती खाली बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. त्याला तेव्हा कळलं असेल की ह्या पोरांना आपलं नाव आधीपासून माहीत आहे, वडिलांच्या नावासकट.

तो म्हणाला, "मला खरंच आठवत नाही, आजी. रोज इतके पेशंट बघतो."

"नसंल आठवत," ती म्हणाली. "तुमी बगितलातच कुठं."

शिवकन्या पास झाली. आमच्या सरांनीच ते पुढे रेटलं असावं. आणि तो जेवायला थांबला नाही. काम आहे म्हणून गाडीत बसून गेला. त्याच्यासाठी मी सुरमईचं ताट केलं होतं, ते जसंच्या तसं परत आलं. द्रौपदीने ते पुढ्यात ओढलंन आणि सगळं जेवली. डोकं चोखून चोखून खाल्लंन, काटे ताटाच्या कडेला रांगेत लावलेन. मी समोर बसून बघत होते आणि तुला खोटं कशाला सांगू, मला आमटी वाढताना फार आनंद झाला होता. "अजून घे," म्हटलं. "घेते," म्हणाली.

नंतर कळलं, त्या कॉलेजातल्या मुलांपर्यंतही गोष्ट पोचली. आता तो वॉर्डात शिरला की कुणी ना कुणी मुलगा गंभीर चेहरा करून विचारतो, "सर, डाव्या कुशीवर वळवू?" निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत म्हणे. असू देत.

जेवण झाल्यावर द्रौपदी म्हणाली, "आता घालू दे त्यांना त्यो फुगा."

मीच गेले तिच्याबरोबर मुंबईला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढले, पडद्यावर झडप उघडझाप करताना दाखवली. उघडझाप कसली, किलकिलत होती नुसती. म्हणाले, उशीर झाला, दगड झाली आहे, फुगा चालणार नाही, छाती उघडावी लागेल, तीन महिन्यांनी या, तोवर अंगात थोडी ताकद भरू दे. ती उठली. बाहेर येऊन बाकावर बसली आणि शेजारी बसलेल्या बाईला विचारू लागली की तुमच्याकडे सोडे काय भावाने मिळतात.

रत्नागिरीला परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दापोलीच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले. एसटीच्या तीन पायऱ्या चढायला ती दोनदा थांबली. कंडक्टर म्हणाला, "आजी, चला लवकर." तर दांडा धरून, धापा टाकत त्याला म्हणते, "नाव काय तुजा?" तो वरमला. मग खिडकीशी बसली. मी खाली उभी. माझ्या मनात दोन दिवस साठलं होतं ते तोंडावाटे आलं. म्हटलं, "पाच वर्षं घालवलीस गो. काय मिळालं तुला?"

तिने खिडकीच्या गजावर हात ठेवलान. म्हणाली, "मला मिळवायचा नव्हताच काय. त्याचा घालवायचा व्हता."

"आणि गेलं?"

गाडी सुरू झाली. तिने मान हलवलीन, पण ती हो म्हणाली की गाडीच्या धक्क्याने हलली ते मला कळलं नाही.

तीन महिने पुरले नाहीत. तिच्या पुतण्याचा फोन आला. संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू असताना टोपलीशी बसल्या बसल्या गेली म्हणाला.

नमू, मी अजून ठरवू शकलेले नाही. मी तिला ओढत मुंबईला न्यायला हवी होती असं वाटतं, आणि ती आली नसती हेही माहीत आहे. ती चुकली असं मी तोंडाने म्हणते आणि आतून म्हणते, बरं केलंन. त्या माणसावरचा राग तर आहेच, तो जाईल असं मला वाटत नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. पण तिच्यावरही राग आहे, आणि तो कुणाजवळ काढावा हे समजत नाही. शिवकन्येजवळ बोलायला गेले तर ती रडते.

तू डॉक्टर होणार. तुझ्याशी मला यावर भांडायचं आहे, फोनवर नव्हे, समोरासमोर. परीक्षा झाल्यावर बघू असं म्हणू नकोस. आधी ये, एका दिवसासाठी ये, सकाळच्या गाडीने ये आणि संध्याकाळी जा. मी जेवण करून ठेवते. लवकर ये गो.